जालिंदर साळवेचा आवाज

नर्सेसच्या क्वार्टर्समधला एसी तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी कंपनीनं जालिंदर साळवेला पाठवलं. १९७७ सालचा जून, बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते. जालिंदरनं खिडकीतला एसी उचकटून फरशीवर आणला, समोर मांडी ठोकली आणि गुणगुणत कामाला लागला. त्याचे हात आणि गळा बरोबरच चालायचे. एक थांबलं की दुसरं अडखळायचं.

दाराशी ड्यूटीवरून नुकती आलेली नर्स उभी होती, चाळिशीची, केस घट्ट बांधलेली. ती ऐकत होती हे त्याला कळलंच नाही.

"हे भजन कुठलं?" तिनं सरळ मराठीत विचारलं.

जालिंदरच्या हातातला पाना थांबला. कतारला, दोह्यात येऊन त्याला चार महिने झाले होते, आणि बाईमाणसाच्या तोंडून मराठी पहिल्यांदाच कानावर पडत होती.

"आमच्या वडिलांनी रचलंय, बाई. छापलेलं न्हाई कुठं."

"ख्रिस्ती मंडळीतले का तुम्ही?"

"व्हय. जालिंदर साळवे, शेवगावकडचा. वडील उपदेशक हायेत, आबासाहेब म्हणून."

"मी सरोज भालेराव. जालन्याची. शुक्रवारी सुटीला काय करता?"

"कपडे धुतो."

सरोजबाई हसल्या. पर्समधून चिठ्ठी काढून त्यांनी तिच्यावर पत्ता लिहिला. फरीज बिन ओमरान, अमुक दुकानाच्या मागची इमारत, दुसरा मजला. "नऊ वाजता. एकटे या, घोळक्यानं नको. आणि चपला बाहेर काढू नका, हातात घेऊन आत या."

हे चपलांचं काय ते जालिंदरला तेव्हा समजलं नाही.

त्याच्या गावाकडं सगळं उघड्यावर असायचं. आबासाहेब साळवे पंचक्रोशीतल्या सात-आठ खेड्यांत कीर्तन करत. निम्म्या गावांत प्रार्थनेचं देऊळघर नव्हतंच, लिंबाखाली सतरंजी टाकायची आणि उभं राहायचं. माईक नाही, काही नाही. पेटी, ढोलकी, झांज आणि आबासाहेबांचा गळा. समोर बसणारी वीस-पंचवीस माणसं असत. पण आबासाहेबांची नजर त्यांच्यावर नसे. ती असे लांब, ओट्यांवर, गोठ्यांच्या दारांत, पाणवठ्याशी, जिथं माणसं उगाच काहीतरी काम काढून रेंगाळत आणि कान इकडं ठेवत.

"बसल्यात ते बसल्यातच," ते पोराला सांगत. "जो यायला लाजतो, त्याच्यापोतर सूर गेला पाहिजे. म्हण पुन्हा."

जालिंदर पुन्हा म्हणे. बाराव्या वर्षी त्याचा आवाज ओढ्यापलीकडच्या मेंढक्याला ऐकू जात होता. तोच आवाज घेऊन तो सव्विसाव्या वर्षी कतारला आला. मागं बायको मुक्ताबाई, दोन मुली आणि म्हातारा बाप.

पहिल्या शुक्रवारी चपला हातात घेऊन तो दुसऱ्या मजल्यावर चढला. दार किलकिलं झालं, तो आत गेला, दार बंद. खोलीत पंचवीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. नर्सेस, ऑफिसातली माणसं, दोन ड्रायव्हर, काही घरंदाज बाया. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. घर मधु हिवाळे यांचं. पुण्याचा इंजिनिअर, तेल कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. त्या काळी दोह्यात चर्चची इमारत नव्हती. घरात जमणाऱ्यांना कुणी अडवायला येत नसे, पण कुणी परवानगीही दिलेली नव्हती. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मधुसाहेब श्वास रोखून राहत होते. आठवड्यातला प्रत्येक शुक्रवार त्यांना परीक्षेसारखा जाई. जिन्यात पाऊल वाजलं की त्यांची मान दाराकडं वळे.

नियम त्यांनीच घातलेले. यायचं एकेकट्यानं. ढोलकी नाही, झांज नाही. जुम्म्याच्या नमाजाआधी, अकराला सगळे खाली उतरलेले पाहिजेत. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसायला नको. आणि गायचं ते भिंतीच्या आत.

गाणं मधुसाहेबांच्या पत्नीकडं, मृणालिनीबाईंकडं होतं. त्या पुण्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलेल्या. इथं पलंगाखालून पेटी निघे, आवाज कमी व्हावा म्हणून तिच्या मागं टॉवेल कोंबलेला असे. चार स्वरांच्या चार रांगा करून त्या मंडळीला असं गाववून घेत की पंचवीस माणसांचा मिळून एका माणसाइतका आवाज निघे. सुंदर होतं ते, जालिंदरलाही कळलं. पण पहिल्याच गीताच्या दुसऱ्या ओळीला त्यानं तोंड उघडलं आणि खोलीतल्या सगळ्या माना त्याच्याकडं फिरल्या. एका लहान मुलीनं कानांवर हात ठेवले. मधुसाहेब उठून उभेच राहिले.

उपासना संपल्यावर मृणालिनीबाई जवळ आल्या. रागावून नाही, अगदी नीट बोलल्या. "जालिंदर, तुमचा आवाज मैदानाचा आहे. हे दोन खोल्यांचं घर आहे."

"हळू म्हणतो, बाई," तो म्हणाला.

आणि त्यानं खरंच प्रयत्न केला. एक-दोन आठवडे नाही, पावणेतीन वर्षं. खिडकीतल्या एसीचा घरघराट पेटीच्या पांढरी पाच या पट्टीशी जुळतो हे त्यानंच पहिल्यांदा मृणालिनीबाईंना दाखवलं. तो सूर पंचम धरायचा आणि पांढरी एकमध्ये गायचं, म्हणजे यंत्राचा सूर गाण्याच्या आड येत नाही, उलट त्याला झाकतो. बाईंना ही युक्ती इतकी आवडली की मराठी भजनांची पाच-दहा मिनिटं त्यांनी त्याच्याकडं सोपवली. तो उभा राही, गळा आवळून धरी आणि गाई. मंडळीला बरं वाटे. त्याला मात्र दावणीला बांधलेल्या जनावरासारखं होई. उपासना सुटली की पाय थाऱ्यावर राहत नसत. फरीज बिन ओमरानपासून समुद्रापर्यंत तो तरातरा चालत जाई, पाण्याकडं न बघता तसाच माघारी फिरे. खोलीवरचे सोबती विचारत, "कुठं गेलतास?" तो कपडे भिजवायला घेई.

मग त्याला एक जागा सापडली. एका मोठ्या हॉटेलच्या गच्चीवरच्या थंडाव्याच्या यंत्रांची देखभाल त्याच्या कंपनीकडं होती. घराएवढी यंत्रं, त्यांच्या पंख्यांचा आणि पाण्याचा असा कल्लोळ की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. तिथं, पान्यानं नट आवळता आवळता, जालिंदर गळा मोकळा सोडून गाई. आबासाहेबांचं अख्खं आख्यान म्हणे. कुणी ऐकत नव्हतं. पण थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की त्याला स्वतःलाही ऐकू येत नाही. सूर लागला की सुटला, काही पत्ता नाही. तो खाली उतरे तेव्हा घसा बसलेला आणि जीव होता तसाच.

१९८० सालच्या चार एप्रिलला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. बाकीचे सण वाटेल त्या वारी येत, मग इथल्या मंडळीला ते पुढं-मागं सरकवून सुटीच्या दिवशी करावे लागत. हा एकच सण न हलवता आपल्या जागी बसे. त्या दिवशी खोलीत चाळीस माणसं होती. उकाडा होता, एसी सकाळपासून चालू. येशूच्या वधस्तंभावरच्या वचनांपैकी आईविषयीचं वचन वाचून झालं आणि जालिंदर उभा राहिला. आबासाहेबांनी रचलेलं पद होतं ते, त्यात येशूची आई मरिया गर्दीच्या मागं उभी असते आणि तिला कुणी पुढं येऊ देत नाही.

दुरून बघते माय, तिला जवळ येऊ द्या.

पहिल्यांदा त्यानं ओळ दाबूनच म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना त्याला काय झालं, ते पुढं कितीदा विचार करूनही त्याला सांगता आलं नाही. लिंबाखालची सतरंजी दिसली म्हणावं तर तसंही नाही. 'जवळ येऊ द्या' या शब्दांना आवाज आपोआप सुटला, भिंतीला लागला, खिडकीच्या काचा झणझणल्या. मृणालिनीबाईंची बोटं पेटीवर थांबली. कुणी त्याला अडवलं नाही. पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यानं ती ओळ चार वेळा म्हटली.

आणि दारावर थाप पडली.

मधुसाहेबांनी दार चार बोटं उघडलं. बाहेर खालच्या मजल्यावरचा उस्मान होता, बंदरावर काम करणारा कराचीचा माणूस. "भाईसाहब, वो ऊपर से..." एवढंच तो म्हणाला.

"खलास, खलास," मधुसाहेब घाईघाईनं म्हणाले. "सब बंद. सॉरी, भाई." दार लागलं. कडी घातली गेली.

ऊपर से. म्हणजे वरून. वरून काहीतरी हुकूम आलाय. चाळीस माणसांनी ते शब्द ऐकले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं आपापली नोकरी, आपला व्हिसा, आपली पोरं उभी राहिली. आशीर्वादाची प्रार्थनासुद्धा झाली नाही. माणसं दोन-दोननं खाली उतरली. पेटी पलंगाखाली गेली.

"पावणेतीन वर्षं सांगतोय," मधुसाहेब जालिंदरला म्हणाले. "तुम्हाला कंपनी दुसरी मिळेल. आम्ही काय करायचं?"

"मी येत न्हाई आता," जालिंदर म्हणाला. "माझ्यापायी कुणाच्या पोटावर पाय नको."

सरोजबाई जिन्यात त्याच्या मागं आल्या, पण तो थांबला नाही.

त्यानंतर दीड वर्ष जालिंदर कुठंच टिकला नाही. कंपनी बदलली. खोल्या तीनदा बदलल्या, कधी खाटेशेजारची भिंत आवडेना म्हणून, कधी कुणाचं घोरणं सोसेना म्हणून. शुक्रवारी मुद्दाम काम मागून घेऊ लागला. मंडळी फुटून तीन-चार घरांत नुसती प्रार्थना करते, गात नाही, असं त्याच्या कानावर आलं. त्याचं गुणगुणणंही बंद झालं होतं. हात चालत, पण काम पूर्वीसारखं होईना. एकाच यंत्रासाठी दोनदा जावं लागे.

गावाकडून कॅसेट येई. तेव्हा पत्रांपेक्षा कॅसेटची रीत पडली होती. मुलींची बडबड, मग मुक्ताबाईचं जपून-जपून बोलणं, शेवटी आबासाहेबांचं खाकरणं. "तिकडच्या मंडळीत काय चालू हाय? एखादं पद भरून पाठीव. हितं लावून ऐकवू लोकांना." टाळता येईना, तेव्हा एका दुपारी खोलीत सहा माणसं झोपलेली असताना त्यानं पांघरूण डोक्यावर घेतलं आणि टेपरेकॉर्डर तोंडाशी धरून एक पद म्हटलं. महिन्यानं मुक्ताबाईचं उत्तर आलं. "आवाज तुमचाच हाय नव्हं? मामंजींनी दोनदा लावून बघितला. म्हणले, घशाचं औषध घे म्हणावं. लोकांना न्हाई ऐकवला."

१९८१च्या ऑगस्टमध्ये नव्या कंपनीनं त्याला कामाचा कागद दिला, आणि त्यावरचा पत्ता त्यानं दोनदा वाचला. फरीज बिन ओमरान, तीच इमारत. पहिला मजला.

दार उस्माननं उघडलं. ओळख पटली नाही असं दाखवून जालिंदर खिडकीकडं गेला. एसीचं काम किरकोळ होतं. पण उस्माननं त्याला छताचा ओलसर कोपरा दाखवला आणि हिंदीत गाऱ्हाणं सांगू लागला. वरच्यांचा एसी किती दिवस गळतोय. दीड वर्षापूर्वी एकदा सांगायला गेलो होतो. एका शुक्रवारी. "ऊपर से पानी गिर रहा था, सीधा बिस्तर पे. मैंने बोला, भाईसाहब, वो ऊपर से... उन्होंने पूरा सुना ही नहीं. खलास बोलके दरवाज़ा बंद."

जालिंदर स्टुलावर उभा होता, तो खाली बसला.

"पानी?" त्यानं विचारलं.

"तो और क्या?"

आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला. उस्मानची बायको हजरा, पडद्याआडून नवऱ्याला काहीतरी सांगत होती. उस्माननं ते पुढं सांगितलं. त्या दिवशी वर कुणीतरी फार दुःखानं गात होतं. हजराला वाटलं, त्यांच्या घरात कुणी गेलं. तिला वर जाऊन त्या बाईंपाशी बसायचं होतं. ती चादर घेऊन तयारही झाली होती. पण नवरा दारातूनच परत आला, मग ती कशी जाणार?

जालिंदरनं एसीचं झाकण बसवलं. हत्यारं गोळा केली, दुसऱ्या मजल्यावर गेला आणि मृणालिनीबाईंनी दार उघडताच म्हणाला, "पाणी गळत होतं, बाई. तुमच्या एसीचं पाणी. एवढंच सांगायला आला होता तो."

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जालिंदरनं तोवर एसीची नळी उपसली. बोटभर गाळ अडकला होता. दहा मिनिटांचं काम.

मधुसाहेब मात्र बधले नाहीत. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेव्हा पाणी होतं. पुढच्या वेळी पाणीच असेल कशावरून?" जालिंदरला बसवेना. हजराबद्दल सांगितलेलं त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. जी बाई जवळ येऊ पाहत होती, तिच्याच तोंडावर दार लावून आपण 'जवळ येऊ द्या' म्हणत होतो. तो तिथून उठला तो थेट हॉस्पिटलवर गेला, सरोजबाईंना शोधत.

त्यांनी सगळं ऐकलं. भेटीची वेळ चालू होती, कॉरिडॉरमध्ये माणसांची ये-जा होती. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर."

पुरुषांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या. एका खाटेवर दोन्ही पाय वजनं लावून टांगलेला माणूस पडला होता. संपत खरात, आष्टीकडचा, आपल्याच मंडळीतला, शटरिंगचा सुतार. परांचीवरून पडला होता. तीन आठवडे झाले, जेवत नव्हता, नर्सेसवर ओरडत होता. "औषधं आहेत त्याच्यासाठी," सरोजबाई म्हणाल्या. "त्याला मराठी माणूस पाहिजे. एखादं भजन म्हणा."

"हितं? हळू म्हणायचं गाणं म्हणजे आजाऱ्याचं गाणं, बाई. मला न्हाई जमत."

"मग? आजारीच आहे तो."

जालिंदर स्टुलावर बसला. त्यानं नेहमीसारखा आवाज आवळला आणि पद सुरू केलं. संपतनं कपाळाला आठ्या घातल्या.

"काय गुणगुण लावलीय? डास हाय का तू?"

जालिंदरनं थोडा चढवला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कण्हला. त्यानं पुन्हा खाली आणला.

"आता गळा धरल्यावानी वाटतंय कुणी तुझा," संपत म्हणाला. "अरे, दाबतो कशाला? लेकरू निजल्यावर त्याची आई कशी बोलती? दाबून बोलती का? जवळ सरकून बोलती. सरक हिकडं."

जालिंदर सरकला. तोंड संपतच्या कानापासून वीतभर. त्या दिवशी नाही जमलं. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. आबासाहेबांनी त्याला सूर फेकायला शिकवलं होतं. सूर अलगद खाली ठेवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याला फेकण्यापेक्षा दुप्पट दम लागतो हे बेंबीपाशी कळ आल्यावर त्याला कळलं. चौथ्या दिवशी एक ओळ, एकच ओळ, बरोबर बसली. संपतनं डोळे मिटले. "हां. हे गाणं हाय," तो म्हणाला आणि त्या संध्याकाळी न ओरडता जेवला.

शेजारच्या खाटेवर फजल नावाचा ड्रायव्हर होता, कमरेला मार लागलेला. आठवड्यानं तो म्हणाला, "भाई, थोड़ा बीच में बैठो. बोल नहीं समझता, मगर अच्छा लगता है." जालिंदरनं स्टूल दोन खाटांच्या मध्ये ओढलं. सहा आठवडे तो रोज तिथं बसला. आपले पाय आता थाऱ्यावर राहतात हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही, सरोजबाईंच्या आलं.

एकदा मृणालिनीबाई संपतसाठी डबा घेऊन आल्या. वॉर्डाच्या दाराशीच थांबल्या आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. जालिंदर उठला तेव्हा त्यांनी त्याच्या गाण्याबद्दल अक्षरही काढलं नाही. म्हणाल्या, "शुक्रवारी साडेआठला मी पेटी काढतेय. मधुचं मी बघते."

पुन्हा सुरू झालं ते असं. आता जालिंदर उभा राहत नसे. त्यानं खुर्च्या काढायला लावल्या, माणसांना गोल बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून, तोंडं आत. "भिंतीला ऐकवू नका," तो सांगे. "शेजारच्याच्या कानात म्हणा." मृणालिनीबाईंनी चार रांगांचा हट्ट सोडला, पण बेसूर माणसाला त्या अजूनही चष्म्यावरून बघत. संपत बरा होऊन गावी जाण्याआधी कुबड्या घेऊन दोन शुक्रवार येऊन बसला आणि सगळ्यांना नावं ठेवून गेला. मधुसाहेब उपासनाभर दाराशी उभे असत. १९८३ला त्यांची बदली होईपर्यंत ते एकदाही गोलात बसले नाहीत. त्यांनी कधी गाणं बंदही पाडलं नाही.

एका शुक्रवारी मृणालिनीबाईंनी खाली जाऊन हजराला चहाला बोलावलं. ती आली नाही. नंतर एकदा जिन्यात भेटली तेव्हा नुसती हसली. जालिंदरला ते पुरेसं वाटलं नाही. त्याला अशा गोष्टी पुरेशा वाटतच नसत.

१९८४ला तो दोन महिन्यांच्या सुटीवर गावी गेला. सुगीच्या सणाचं कीर्तन आबासाहेबांनी त्याच्यावर टाकलं. वय झालं होतं त्यांचं. लिंबाखाली दीडशे माणसं. जालिंदर उभा राहिला, ढोलकी घुमली, त्यानं पहिली ओळ टाकली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!"

त्यानं पुन्हा टाकली. आवाज चार रांगा गेला आणि बसला. तो मोठा गळा त्यानं सात वर्षांत माणसांपुढं एकदाच उघडला होता, एरवी उघडला तो यंत्रांच्या गोंगाटात. आता हाक मारली तर तो येईना. आबासाहेब खाटेवर बसून बघत होते. त्यांची मान खाली गेली.

जालिंदरनं ओळ अर्ध्यात सोडली. मग काय वाटलं कोण जाणे, तो सतरंजीवरून खाली उतरला. माणसांत शिरला. एका म्हातारीपुढं वाकून एक ओळ म्हटली, दोन पावलं पुढं जाऊन दुसऱ्याला. ढोलकीवाला गोंधळला, मग उठून मागं मागं चालू लागला. तासभर जालिंदर रांगांतून फिरत गायला. शेवटी तो पार ओट्यांपर्यंत गेला, जिथं माणसं उगाच दोऱ्या वळत बसली होती, आणि तिथं उकिडवा बसून त्यानं पद पुरं केलं. बाया म्हणाल्या, असं कधी ऐकलं नाही. पुरुष म्हणाले, हे कसलं कीर्तन?

आबासाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गळा घालवून आलास तिकडं." मग विचारलं, "ते ओट्यावरचे काय म्हणले?"

"एक जण म्हणला, पुन्हा ये."

"हां," आबासाहेब म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

जालिंदर आणखी तीन वर्षं दोह्यात राहिला. तोपर्यंत गोल एका घरात मावेना, चार घरांत चार गोल झाले, आणि सकाळी साडेआठपासून अकरापर्यंत तो एका घरातून दुसऱ्या घरात धावत असे. १९८७ला तो कायमचा परत आला. आबासाहेब आदल्या वर्षीच गेले होते.

गावात त्यानं फ्रीज आणि पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. सगळं ठीक चाललं होतं, पण आठवडा जुळेना. रविवारी उपासनेला गेला की त्याला कामावर खाडा केल्यासारखं वाटे. आणि शुक्रवारी पहाटेच जाग येई. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तो अंगणात येरझाऱ्या घालू लागे.

"आज कुठं निघालात?" मुक्ताबाई विचारी.

"कुठं न्हाई."

चार-पाच शुक्रवार असे गेले. मग एका शुक्रवारी तो किल्ली मागून आणून देऊळघर उघडून आत जाऊन बसला. कुणीच नव्हतं. चिमण्या होत्या. साडेआठ वाजले तेव्हा त्यानं एकट्यानंच एक पद धरलं, हळू, शेजारी कुणी बसल्यासारखं.

थोड्या वेळानं मुक्ताबाई आली. हातात निवडायला घेतलेल्या तांदळाचं सूप तसंच होतं. "शुक्रवारचं काय हे?" ती म्हणाली. पण आली तशी त्याच्या बाजूला बसली. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "मला येत न्हाई ही चाल. पुन्हा म्हणा."

त्यानं पुन्हा म्हटली.